पावसाळ्यात अडकणारं दार आणि रंधा मशीन: पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

मुंबईत पाऊस नीट लागला की थोड्याच दिवसांत घरोघरची दारं फुगायला लागतात. बेडरूमचं दार खांद्यानं ढकलावं लागतं, बाथरूमची कडी बसत नाही आणि गणपतीला पाहुणे यायच्या आत काहीतरी करायला हवं, असं घरात रोज बोलणं होतं. एवढ्याशा कामासाठी सुतार मिळणं कठीण. मग कोणीतरी सुचवतं, रंधा मशीन, म्हणजे लाकूड तासायचं विजेचं यंत्र, भाड्यानं आण आणि तूच मार.

हे जमण्यासारखं काम आहे. मी आमच्या आणि नातेवाइकांच्या घरची दारं अशीच बसवली आहेत, चाळीतली जुनी सागवानी आणि टॉवरमधली फ्लश (दोन्ही अंगांनी सपाट प्लायची), दोन्ही. पण या कामात प्रत्यक्ष मशीन चालवण्याचा वेळ सगळ्यात कमी असतो. दार नेमकं कुठे आणि कशामुळे अडतंय ते शोधणं आणि तासलेली कड लगेच रंगानं बंद करणं, खरं काम या दोन टोकांना आहे. तासलेलं लाकूड परत लावता येत नाही, म्हणून आधी सगळं वाचून घ्या आणि मगच मशीन आणायला जा.

१. दार फुगलंय की उतरलंय?

लाकूड हवेतला ओलावा शोषून रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पावसाळ्यात दार बहुतेक वेळा कडीच्या बाजूच्या उभ्या कडेला अडतं. दार जमिनीला घासत असेल किंवा कडीच्या बाजूचा वरचा कोपराच तेवढा चौकटीला लागत असेल, तर संशय आधी बिजागरीवर घ्या.

दार अर्धं उघडा, कडीच्या बाजूनं दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचला. वरची बिजागरी हलली, तर लाकडाचा दोष नाही, स्क्रू सैल झालेत. स्क्रू काढून भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोका, सुकू द्या आणि थोडा लांब स्क्रू मारा. दार तरीही जमिनीला घासत असेल तर खालच्या बिजागरीमागे जाड पुठ्ठ्याची पट्टी घाला. त्यामुळे दाराचा खालचा भाग कडीच्या बाजूला सरकतो आणि तो कोपरा वर उचलला जातो. कितीतरी दारं एवढ्यावरच सुटतात, मशीन आणावंच लागत नाही.

नंतर टोच्यानं किंवा जुन्या पेचकसानं दाराची खालची कड टोचून बघा, विशेषतः बाथरूमच्या दाराची. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. कुजलेल्या दारावर रंधा मारून काही साधत नाही, ते बदलायलाच हवं.

काही दारांना मशीन लावायचंच नाही. उंच इमारतींत मुख्य दार किंवा जिन्याचं दार आगरोधक असू शकतं. कडेला तशी पट्टी किंवा लेबल दिसलं तर हात लावू नका, कारण कड तासली की आग थोपवण्याची त्याची खात्री संपली. पोकळ पीव्हीसीचं दारही तासायचं नाही.

२. किती तासायचं हे ऋतूवर ठरतं

हा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून लिहितो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये दार जितकं फुगायचं तितकं फुगलेलं असतं. त्या वेळी ऐसपैस फट ठेवून तासलंत, तर जानेवारीत त्याच दाराच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसेल आणि कडीची जीभ खाचेत जेमतेम पोचेल.

त्यामुळे भर पावसात काम करत असाल तर बाजूची फट दीड ते दोन मिमीवर थांबवा. दार मोकळं फिरलं की बस. फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत नवीन दार बसवत असाल तर बाजूंना आणि वर तीन मिमी सोडा, कारण ते फुगणारच आहे. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तीन मिमी होतात, फट मोजायला तेवढं पुरतं. खालची फट लादी आणि उंबरठ्याप्रमाणे ठरवा. पायपुसणं घालायची सवय असेल तर तेही मोजा.

निवड हातात असेल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर सरता सरता काम काढा. दार थोडं आकसलेलं असतं आणि रंगही नीट सुकतो. पण दार लागतच नसेल तर तोवर थांबायची गरज नाही, कमी तासा एवढंच.

३. मशीनची ओळख

हातात धरायचा इलेक्ट्रिक रंधा बहुतेक वेळा ८२ मिमी रुंदीचा असतो. पोटात फिरणारा रूळ, त्यावर दोन पाती, आणि मिनिटाला सोळा हजारांच्या आसपास फेरे. तळाला दोन पट्ट्या असतात. मागची स्थिर, पात्याच्या सगळ्यात खालच्या टोकाशी समपातळीत. पुढची पट्टी मुठीची घुंडी फिरवली की वर-खाली होते. पुढची जितकी वर, तितकं लाकूड एका फेरीत जास्त निघतं. सगळं यंत्र या एवढ्याशा फरकावर चालतं, आणि हे समजलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

घुंडीवर दोन-तीन मिमीपर्यंत आकडे असले तरी दारासाठी अर्ध्या मिमीच्या वर जाऊ नका. पुढच्या तळपट्टीच्या मधोमध इंग्रजी व्ही आकाराची खाच असते, ती कडेचा धारदार कोपरा मारण्यासाठी. पेटीत एक साइड गाइडही मिळतो, म्हणजे दाराच्या अंगाला टेकून मशीन सरळ ठेवणारी पट्टी. दुकानदार तो बऱ्याचदा देत नाही, मागून घ्या. दाराची कड ३०-३५ मिमीची आणि मशीनचा तळ ८२ मिमीचा. गाइडशिवाय नवख्या हाताला मशीन एका अंगाला कलतंच.

पाती दोन प्रकारची. साध्या स्टीलची पाती पुन्हा धार लावून वापरता येतात. कार्बाइडची उलटून दुसरी धार वापरायची आणि मग फेकायची. सनमाइका लावलेलं दार असेल तर कार्बाइडच हवीत. साधी पाती सनमाइका आणि प्लायमधल्या गोंदावर पटकन बोथट होतात, आणि सागवानही धार खातंच.

४. मशीन कुठून आणायचं

एक-दोन दारांसाठी विकत घेऊ नका. हत्यारं भाड्यानं देणारी दुकानं उपनगरांत आहेत, आणि कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला सहसा एखादा पत्ता सांगतो. विकत घ्यायचंच असेल तर नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारा. तिथे हत्यारांची दुकानं ओळीनं आहेत, पाती आणि मशीनच्या आतले रबरी पट्टे सुटे मिळतात. आपल्या मशीनची पाती सहज मिळतात ना, हे आधी विचारा, मग मशीनची किंमत.

भाड्याचं मशीन दुकानातच चालवून बघा. प्लग काढून रूळ हातानं हळूच फिरवा आणि पात्याच्या धारेला कुठे खांडा पडलाय का ते पाहा. खांडा असेल तर दाराच्या कडेवर शेवटपर्यंत एक उभी रेघ उठत राहते. पुढची तळपट्टी शून्यावर आणून त्यावर सरळ स्टीलची पट्टी उभी ठेवा, दोन्ही तळपट्ट्या एका रेषेत आल्या पाहिजेत. बटण सोडल्यावर मशीन बंद होतं का, हेही बघा. बटण अडकणारं मशीन घेऊच नका.

कागदपत्रं फार नाहीत. भाड्यासाठी ओळखपत्राची झेरॉक्स आणि अनामत. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करा, पावती घ्या. स्वतः भाड्यानं राहत असाल तर घरमालकाचा होकार मेसेजवर का होईना, लेखी घ्या. लॉबीत काम करणार असाल तर सेक्रेटरीला आधी सांगा. अनेक सोसायट्या दुपारी आणि रविवारी आवाजाचं काम करू देत नाहीत. हे मशीन किंचाळतं, शेजाऱ्याचं तान्हं बाळ झोपायची वेळ विचारून घेतली तर सगळ्यांचंच भलं.

बाकी सामान असं जमवा:
– गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), स्टीलची पट्टी, टेप, टोकदार शिसपेन्सिल
– दोन-तीन सी-क्लॅम्प, लाकडी ठोकळे, पाचरी
– पेचकस, पटाशी, हातोडी, एक लोहचुंबक
– धारदार कटर आणि कागदी टेप
– ८० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर
– गॉगल, कानातले बोळे, एन-९५ मास्क
– अर्थिंग असलेला जाड वायरचा एक्स्टेंशन बोर्ड
– प्राइमर किंवा सीलर, रंग, ब्रश (हे काम सुरू करण्याआधीच घरात हवं)

५. दार जागेवर असतानाच खूण करा

दार उतरवल्यावर खूण करायला गेलात तर सगळा अंदाजपंचे कारभार होतो. स्टेशनरीच्या दुकानात कार्बन पेपर अजून मिळतो. त्याची शाईची बाजू दाराकडे करून तो चौकट आणि दाराच्या कडेमध्ये धरा आणि दार नेहमीसारखं लावा-उघडा. जिथे अडतं तिथे कडेवर निळा डाग उठतो. वरपासून खालपर्यंत कागद सरकवत असं केलं की दाराचा नकाशाच मिळतो: इथे वीतभर गडद, पुढे फिकट, खाली काहीच नाही. गडद जागी जास्त लाकूड काढायचं, फिकट जागी नावापुरतं. हा निळा पट्टा पुढे मशीनखाली पुसला जाताना दिसतो, त्यामुळे किती उरलं हे वेगळं मोजावं लागत नाही.

मग दाराच्या दोन्ही अंगांवर पेन्सिलनं रेघ ओढा. एकाच बाजूला ओढली तर कड तिरकी होते आणि ते कळतं दार परत बसवल्यावर.

दोन-अडीच मिमीपेक्षा जास्त काढायचं असेल आणि कडीच्या बाजूला कुलूप आत बसवलेलं असेल, तर बिजागरीची बाजू तासा. बिजागरीच्या खाचा पटाशीनं तेवढ्याच खोल कराव्या लागतील, पण कुलपाची जागा बिघडणार नाही. फ्लश दारात कडेला आत लाकडी चौकट असते, ती किती रुंद हे बाहेरून कळत नाही. म्हणून एका बाजूनं पाच मिमीच्या पुढे जाऊ नका.

६. दार उतरवा आणि सगळं लोखंड काढा

खाली पाचर सारून दाराचा भार तिच्यावर घ्या. आधी खालच्या बिजागरीचे स्क्रू काढा, मग मधल्या, सगळ्यात शेवटी वरच्या. वरची आधी सोडली तर दार कलतं आणि खालची बिजागरी लाकूड फाडून बाहेर येते. सात फुटी भरीव फ्लश दार तीस किलोच्या वर भरतं, दुसरा माणूस हवाच.

मग कडी, टॉवर बोल्ट, अल्ड्रॉप, कुलपाची पट्टी, कडेला येणारे सगळे स्क्रू काढा. बाथरूमच्या दाराला खाली ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला असतो. तो रंगाखाली दडलेला असला तर दिसत नाही, हाताला लागतो. जुन्या दारांत डोकं मोडलेले बारीक खिळे लाकडात राहिलेले असतात, म्हणून पूर्ण कडेवर लोहचुंबक फिरवा. अशा एका खिळ्यानं पात्याची धार जाते, आणि उडालेला तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. ॲल्युमिनियम आणि पितळेला चुंबक लागत नाही, तिथे डोळे आणि बोटं वापरा.

जुन्या घरांच्या दारांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं हे धरून चाला. तो भुगा घरभर उडवू नका. कडेवरचा रंग आधी रिमूव्हर लावून ओलाच खरवडून काढा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा.

७. दार घट्ट धरा

मुंबईच्या घरात सात फुटी दार आडवं उभं करायला जागा मिळणं हाच निम्मा प्रश्न असतो. चाळीची गॅलरी किंवा टॉवरची लॉबी सोयीची, पण पावसाची झड येत असेल तर घरातच करा. जाड पुठ्ठ्यावर दार लांब कडेवर उभं करा, एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात टेकवा आणि दोन जड स्टुलांना किंवा टेबलाच्या पायाला क्लॅम्पनं आवळा. क्लॅम्प आणि दार यांमध्ये लाकडाचा तुकडा घाला. हातानं गदागदा हलवून बघा. नुसतं कोणी धरून उभं राहिलंय एवढ्यावर मशीन चालवू नका.

पंखा बंद करा. मशीनचं छिलके फेकणारं तोंड भिंतीकडे असू द्या. ओढणी, पदर, सैल बाही, बांगड्या, मोकळे केस, हे सगळं बाजूला. हातमोजेही नकोत, रूळ कापड ओढून घेतो. वायर खांद्यावरून मागे टाका, म्हणजे ती पात्यापुढे येणार नाही. बोर्डला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेलं घर असेल तर उत्तम.

८. मशीन चालवणं

आधी टाकाऊ लाकडावर हात बसवा. खोली पाव ते अर्ध्या मिमीवर ठेवा. पुढची तळपट्टी कडेवर टेकवा, पातं लाकडाला लागत नाही ना ते पाहा आणि मगच बटण दाबा. पूर्ण वेग आला की सावकाश पुढे सरका. सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, मधे दोन्ही हातांवर सारखा, शेवटी मागच्या मुठीवर. शेवटी पुढच्या मुठीवर दाब राहिला की मशीन खाली वाकतं आणि टोकाला खड्डा पडतो. नवख्यांचा हा सगळ्यात नेहमीचा दोष आहे, आणि तो पॉलिश पेपरनं निघत नाही.

लाकडाच्या रेषा ज्या दिशेनं कडेकडे वर चढत जातात, त्याच दिशेनं मशीन न्या. उलट दिशेनं गेलात तर लाकूड फाटून ढलप्या निघतात. नीट चाललं असेल तर एकसारखे पातळ छिलके उडतात आणि आवाज सलग राहतो. छिलक्यांऐवजी भुगा येऊ लागला आणि करपल्याचा वास आला तर पाती बोथट झालीत. आवाज एकदम जड झाला तर पुढे गाठ आहे. तिथे वेग कमी करा, जोर लावू नका.

दार वरच्या दोन फुटांतच अडत असेल तर पूर्ण लांबीची फेरी मारायची नाही. आधी फक्त गडद डागावर छोटी फेरी, मग त्याहून थोडी लांब, मग आणखी लांब. शेवटी एकच पातळ फेरी या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळे टप्पे एकजीव करायला. दोन मिमी काढायचे असतील तर अर्ध्या मिमीच्या तीन फेऱ्या मारून थांबा, गुण्या लावून कड काटकोनात आहे का पाहा, आणि उरलेलं पाव-पाव मिमीनं.

बटण सोडल्यावरही रूळ काही सेकंद फिरतच राहतो. मागच्या बाजूला टेकू देणारा छोटा पाय असलेलं मशीनही पूर्ण थांबेपर्यंत खाली ठेवू नका. छिलक्यांनी तोंड तुंबलं तर प्लग काढूनच काडीनं मोकळं करा. बोट कधीच घालायचं नाही.

९. वरची-खालची कड आणि सनमाइका

पॅनेलच्या सागवानी दाराची वरची किंवा खालची कड तासताना दोन्ही कोपऱ्यांवर उभ्या पट्टीचं टोक येतं. तिथे लाकडाचे तंतू उभे कापले जातात, आणि मशीन कोपऱ्यावरून बाहेर पडलं की बोटाएवढी ढलपी सोबत नेतं. म्हणून एका कोपऱ्याकडून मध्यापर्यंत या, मशीन उचला आणि दुसऱ्या कोपऱ्याकडून मध्यापर्यंत या. नाहीतर कोपऱ्याला टाकाऊ ठोकळा घट्ट क्लॅम्प करा, फाटेल तो ठोकळा.

सनमाइकाच्या दारावर रेघेवर कागदी टेप चिकटवा आणि पट्टी धरून कटरनं सनमाइका कापून घ्या. मग रेघेपर्यंतच तासा. हे न करता मशीन फिरवलं तर सनमाइकाचे टवके उडतात आणि ते नंतर झाकायला काही उपाय नाही.

कडीच्या बाजूची कड थोडी तिरकी हवी. दार फिरताना चौकटीच्या खाचेत जी बाजू आधी शिरते, ती किंचित कमी. ३५ मिमी जाडीच्या दाराला दीड मिमीचा उतार पुरे. साइड गाइड तेवढा कलवा, किंवा आत शिरणाऱ्या अंगावरची रेघ दीड मिमी आत ओढून त्या रेघेपर्यंत तासा.

१०. चौकटीभोवतीच्या पट्ट्या

चौकट आणि भिंतीतला सांधा झाकणारी मोल्डिंगची पट्टी भिंतीला लावली की कुठेतरी फट दिसतेच, मुंबईच्या प्लास्टरच्या भिंती क्वचितच सरळ असतात. पट्टी जागेवर सरळ धरा. सगळ्यात मोठ्या फटीएवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा घ्या, त्याला पेन्सिल टेकवा आणि तो भिंतीला घासत वरपासून खाली आणा. भिंतीचा सगळा वाकडेपणा पट्टीवर उतरतो. आता पट्टी लांब फळीला क्लॅम्प करून त्या रेघेपर्यंत तासा, मागची बाजू थोडी जास्त, म्हणजे पुढची धार भिंतीला चिकटून बसते.

एक फुटापेक्षा लहान तुकडा या मशीनवर अजिबात नको. तो निसटतो आणि बोटं पात्याजवळ येतात. त्यासाठी हातरंधा किंवा फळीवर चिकटवलेला पॉलिश पेपर. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेली) पट्टी तासली तर बारीक धूळ फार उडते, मास्क काढू नका, आणि तासलेली कड दोनदा सील करा, नाहीतर पुढच्या पावसात ती बिस्किटासारखी फुगते.

११. त्याच दिवशी कड बंद करा, मग दार टांगा

ताजी तासलेली कड म्हणजे ओलावा आत घ्यायला उघडी वाट. व्ही खाचेनं कोपरे हलके मारा, पॉलिश पेपर फिरवा, भुसा पुसा आणि त्याच दिवशी प्राइमर किंवा सीलरचा पहिला हात द्या. दार खाली आहे तोवर वरची आणि खालची कडही रंगवा. कोणाला दिसत नाही म्हणून रंगारी या कडा कोऱ्याच सोडतात, आणि दार दरवर्षी फुगायचं हे मोठं कारण असतं. बिजागरीच्या खाचा आणि कुलपाचं भोकही आतून रंगवा. बाथरूमच्या दाराला स्पिरिट पॉलिश पुरत नाही, ऑइल पेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावा. कड हाताला गार आणि दमट लागत असेल तर रंगाआधी रात्रभर पंख्याखाली ठेवा.

टांगताना उलटा क्रम: आधी वरची बिजागरी, मग मधली, मग खालची. प्रत्येकीचा एकच स्क्रू मारून दार फिरवून बघा, पुन्हा कार्बन पेपर लावा. डाग नाही आला तर बाकीचे स्क्रू मारा. कडीची जीभ चौकटीच्या खाचेत बसत नसेल तर दार परत तासू नका, खाचेची पट्टी कानशीनं मिमीभर वाढवा.

दिवाळीनंतर एकदा नाण्यांनी फट मोजा. तीन-चार मिमी झाली असेल तर चौकटीच्या खाचेत रबराची चिकटपट्टी लावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती काढून ठेवायची.